व्यापारी संगणक-जाळ्यांच्या वाढीत सरकारचा वाटा कसा शोधावा

३० एप्रिल १९९५ रोजी अमेरिकेतील एनएसएफनेट हे सरकारी अनुदानावर चालणारे कणा-जाळे, म्हणजे इतर जाळ्यांना एकमेकांशी जोडणारे मुख्य जाळे, बंद झाले. त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस त्याच्याशी जोडल्या गेलेल्या लहानमोठ्या जाळ्यांची संख्या पन्नास हजारांवर गेली होती, तरीही दुसऱ्या दिवशी ईमेल पोचत राहिल्या, फाइली उतरत राहिल्या आणि बहुतेक वापरकर्त्यांना काही बदलल्याचे जाणवलेही नाही. हे हस्तांतर इतके बिनबोभाट पार पडले की त्यानंतर त्याविषयी दोन सोपी आख्याने रूढ झाली. एका आख्यानानुसार इंटरनेट सरकारने बांधले. दुसऱ्यानुसार सरकार बाजूला झाले म्हणून ते वाढले. दोन्ही बाजूंकडे खरे दाखले आहेत, आणि त्यामुळेच हा वाद वर्षानुवर्षे जिथल्या तिथे राहिला आहे.

या विषयावर निबंध, प्रबंध किंवा लेख लिहू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील रीत मांडतो आहे. उदाहरण अमेरिकेचे घेतले आहे, कारण व्यापारी इंटरनेटची घडण मुख्यतः तिथे झाली आणि तिथल्या निर्णयांची कागदपत्रे बऱ्याच अंशी उपलब्ध आहेत.

‘सरकार’ हा शब्द आधी फोडून घ्यावा

पहिले काम म्हणजे ‘सरकारने केले’ असे मोघम वाक्य लिहिण्याची सवय सोडणे. या इतिहासात संरक्षण खात्याची आर्पा ही संस्था आहे, विज्ञान-संशोधनाला अनुदान देणारी नॅशनल सायन्स फाउंडेशन म्हणजे एनएसएफ आहे, दूरसंचाराचे नियम करणारे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन म्हणजे एफसीसी आहे, न्याय खाते आणि न्यायालये आहेत, काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद आहे, आणि मिशिगनसारखी राज्येही आहेत. या सर्वांचे हेतू निरनिराळे होते आणि त्यांचे निर्णय एखाद्या आखीव योजनेनुसार झालेले नाहीत.

म्हणून एक मोठा कागद घ्यावा आणि त्यावर उभे रकाने आखावेत: निर्णयाची तारीख, निर्णय घेणारी संस्था, तिने सांगितलेला हेतू, पैसे कोणी मोजले, आणि त्या निर्णयामुळे कोणाला काय नव्याने करता येऊ लागले. शेवटचे दोन रकाने एकत्र करण्याचा मोह टाळावा. सरकारचा प्रभाव मोजताना बहुतेक अभ्यासक अनुदानांची बेरीज करतात आणि थांबतात; माझ्या मते सर्वांत दूरगामी परिणाम ज्या निर्णयांनी झाले, त्यांतल्या काहींवर तिजोरीतून जवळजवळ काहीच खर्च झाला नव्हता. हे पुढे नियमांच्या भागात स्पष्ट होईल.

पैशाचा माग

पैशाचा माग काढणे तुलनेने सोपे असते. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुतनिक सोडल्यानंतर, १९५८ साली आर्पाची स्थापना झाली. १९६२ मध्ये जे. सी. आर. लिकलायडर यांनी तिच्या संगणक-विषयक कार्यालयाची सूत्रे घेतली आणि पुढे १९६६ मध्ये त्याच कार्यालयाचे प्रमुख रॉबर्ट टेलर यांनी निरनिराळ्या विद्यापीठांतील संगणक एकमेकांना जोडण्याच्या प्रयोगासाठी सुमारे १० लाख डॉलर मिळवले. यातून आर्पानेट उभे राहिले. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द अक्षरागणिक पाठवण्याचा प्रयत्न झाला. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. पुढे तासाभरात दुरुस्ती होऊन जोडणी साधली.

इथे थांबून त्या जोडणीचे सुटे भाग पाहावेत. पैसा आर्पाचा होता. पॅकेट, म्हणजे संदेशाचे छोटे तुकडे, पुढे ढकलणारे यंत्र बीबीएन या खासगी कंपनीने हनीवेलच्या लघुसंगणकावर तयार केले होते. दोन ठिकाणांमधील तार एटी अँड टी या टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतली होती. संगणकांनी एकमेकांशी कोणत्या पद्धतीने बोलावे याचे संकेत मुख्यतः विद्यापीठांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ठरवले. म्हणजे ‘सरकारी जाळे’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, त्यातले तारांचे जाळे मुळात सरकारच्या मालकीचे नव्हतेच. प्रत्येक जाळ्याबाबत अशी सुटी पाहणी करावी: तारा कोणाच्या, यंत्रे कोणाची, सॉफ्टवेअर कोणाचे, आणि बिल कोण भरत होते.

हीच कसोटी एनएसएफनेटला लावली की चित्र आणखी बदलते. १९८६ मध्ये एनएसएफने आपली महासंगणक केंद्रे सेकंदाला ५६ किलोबिट गतीच्या तारांनी जोडली आणि थोड्याच काळात त्या तारा तुंबल्या. १९८७ मध्ये नव्या कण्याचे काम मिशिगनमधील मेरिट या विद्यापीठांच्या संघटनेला मिळाले; तिच्या सोबत आयबीएम, एमसीआय ही दूरसंचार कंपनी आणि मिशिगन राज्य होते. एनएसएफचे सुरुवातीचे अनुदान पाच वर्षांसाठी सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर होते. मात्र आयबीएमने यंत्रे आणि एमसीआयने तारा बाजारभावापेक्षा पुष्कळ सवलतीत दिल्या, आणि मिशिगन राज्याने स्वतःचे ५० लाख डॉलर घातले. या कंपन्या धर्मादाय करत नव्हत्या. मोठ्या प्रमाणावर पॅकेट-वाहतूक कशी चालवावी हे शिकण्याची ती संधी होती आणि त्यासाठी पदरमोड करण्याची त्यांची तयारी होती. जुलै १९८८ मध्ये हा कणा सेकंदाला १.५ मेगाबिट गतीने सुरू झाला. म्हणून नुसता ‘सरकारी खर्च’ हा आकडा पाहिला तर या कण्याची खरी किंमतही कळत नाही आणि खासगी भागीदारांना त्यातून जे ज्ञान मिळाले तेही हिशेबाबाहेर राहते.

नियम सावकाश वाचावेत

आता त्या रकान्याकडे यावे, जिथे खर्च जवळजवळ नाही आणि परिणाम मोठा आहे. इथे घाई करू नये. नियमांची भाषा रुक्ष असते, परंतु व्यापारी जाळ्यांच्या वाढीचे मर्म या भागात आहे असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात १९५६ पासून करावी. त्या वर्षी न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत एटी अँड टीने नियमित टेलिफोन-व्यवसायाबाहेर न जाण्याचे मान्य केले. देशातली सर्वांत मोठी तारांची मालक कंपनी त्यामुळे संगणक-सेवांच्या बाजारात उतरू शकत नव्हती. संगणक-जाळ्यांचा विचारही फारसा कोणी करत नव्हते अशा काळात हा निर्णय झाला, आणि तरीही पुढल्या पाव शतकात नवख्या कंपन्यांना जी मोकळी जागा मिळाली तिची कुंपणे त्याने आखली.

दुसरा टप्पा १९६८ चा. टेक्सासमधील थॉमस कार्टर यांनी दुहेरी रेडिओ टेलिफोनला जोडणारे एक साधे उपकरण विकायला काढले होते आणि टेलिफोन कंपनीने त्याला हरकत घेतली होती. जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाला स्वतःचे उपकरण जोडण्यापासून रोखता येणार नाही, असा निर्णय एफसीसीने दिला. त्यानंतरही काही वर्षे टेलिफोन कंपन्यांनी अडथळे घातले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उपकरणांची नोंदणी करण्याची पद्धत आली तेव्हा ते दूर झाले. याचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर त्या काळचा मोडेम, म्हणजे संगणकाचा संदेश टेलिफोनवरून पाठवणारे उपकरण, डोळ्यांसमोर आणावा. टेलिफोनचा रिसीव्हर उचलून तो रबराच्या दोन वाट्यांत दाबून बसवावा लागे. संगणकाचा संदेश आवाजाच्या रूपाने एका वाटीतून रिसीव्हरच्या तोंडात जाई आणि पलीकडचा आवाज दुसऱ्या वाटीतला मायक्रोफोन ऐके. खोलीत कोणी मोठ्याने बोलले तरी अक्षरे बिघडण्याची भीती असे. तार थेट भिंतीतल्या खोबणीत खोचण्याची मुभा मिळाली, तेव्हा कुठे घरोघरी चालणाऱ्या स्वस्त मोडेमचा बाजार शक्य झाला.

तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा आहे. १९८० मध्ये एफसीसीने ‘कॉम्प्युटर टू’ या नावाने ओळखला जाणारा निर्णय दिला. त्यात दूरसंचाराचे दोन भाग केले: संदेश जसाच्या तसा वाहून नेणारी मूलभूत सेवा, आणि त्या संदेशावर संगणकाने काही प्रक्रिया करणारी वर्धित सेवा. पहिलीवर नियंत्रण राहिले. दुसरी मोकळी ठेवली. पुढे इंटरनेट जोडणी विकणाऱ्या कंपन्या या दुसऱ्या कप्प्यात बसल्या, म्हणून त्यांना टेलिफोन कंपनीसारखा परवाना लागला नाही, दर मंजूर करून घ्यावे लागले नाहीत, आणि तारांच्या मालकांना मात्र त्यांना ठरलेल्या दराने तारा पुरवणे भाग होते. ‘नियमन नव्हते म्हणून वाढ झाली’ हे विधान करणाऱ्यांनी या निर्णयाचे दोन्ही भाग एकत्र वाचावेत: एका थरावरची मोकळीक दुसऱ्या थरावरच्या सक्तीवर उभी होती.

याला जोडूनच १९८३ मध्ये एफसीसीने वर्धित सेवा देणाऱ्यांना एका आकारणीतून सूट दिली. लांब पल्ल्याच्या टेलिफोन कंपन्या स्थानिक टेलिफोन कंपन्यांना दर मिनिटाला जी रक्कम देत, ती यांना द्यावी लागली नाही. त्यांना साध्या व्यावसायिक ग्राहकासारखे वागवले गेले. १९८७ मध्ये ही सूट काढण्याचा प्रस्ताव आला, वापरकर्त्यांनी ‘मोडेमवरचा कर’ म्हणून त्याला जोरदार विरोध केला आणि १९८८ मध्ये तो मागे घेण्यात आला. अमेरिकेत घरगुती स्थानिक कॉलसाठी बहुधा महिन्याचा ठरावीक आकार असे. त्यामुळे ग्राहक तासन् तास जोडलेला राहू शकला आणि जोडणी विकणाऱ्याला मिनिटांचा हिशेब भरावा लागला नाही. डायल-अप म्हणजे टेलिफोन कॉल लावून जोडल्या जाणाऱ्या इंटरनेटच्या वाढीचे अर्थकारण या दोन गोष्टींवर उभे आहे.

एका नियमाचे वाचन नमुन्यादाखल

नियम कसा वाचावा याचा नमुना म्हणून एनएसएफनेटचे वापर-धोरण घेऊ. त्यात म्हटले होते की हा कणा अमेरिकेतील संशोधन आणि शिक्षण-संस्थांमधील खुल्या संशोधनासाठी व शिक्षणासाठी आहे. नफ्यासाठीचा वापर आणि खासगी व्यवसायासाठीचा मोठ्या प्रमाणावरील वापर अमान्य होता. संशोधनासाठी किंवा अध्यापनासाठी उपयोगी अशा नव्या उत्पादनाची माहिती देता येई, पण जाहिरात करता येत नसे. इथवर वाचणारा सहज म्हणेल की सरकारने व्यापाराला बंदी केली होती.

धोरणाचे शेवटचे कलम मात्र सांगते की हे निर्बंध केवळ कण्याच्या वापराला लागू आहेत आणि त्याला जोडलेल्या जाळ्यांनी आपापली धोरणे स्वतः ठरवावीत. सगळी मेख इथे आहे. प्रादेशिक जाळी आपल्या भागातल्या कंपन्यांना ग्राहक म्हणून घेऊ शकत होती, आणि एनएसएफ त्यांना तसे करण्यास उत्तेजनही देत होती, कारण ग्राहक वाढले की विद्यापीठांचा दरडोई खर्च उतरणार होता. परिणाम असा झाला की स्थानिक पातळीवर व्यापारी मागणी साचत गेली आणि देशभर माल न्यायचा रस्ता मात्र तिला बंद राहिला. त्या साचलेल्या मागणीसाठी समांतर कणा बांधणे हा मग फायद्याचा धंदा ठरला. १९८७ मध्ये सुरू झालेली यूयूनेट आणि न्यूयॉर्कच्या प्रादेशिक जाळ्यातून १९८९ मध्ये निघालेली पीएसआयनेट या कंपन्यांनी तो ओळखला. १९९१ मध्ये या दोघींनी कॅलिफोर्नियातील सर्फनेटसह सीआयएक्स हे देवाणघेवाणीचे ठिकाण उभारले, जिथे व्यापारी वाहतुकीला कोणतीही आडकाठी नव्हती आणि सदस्य एकमेकांची वाहतूक मोबदल्याविना स्वीकारत. निर्बंध हा वाढीचा शत्रूच असतो असे गृहीत धरून चालणाऱ्याला या कलमाचा अर्थ लागत नाही. म्हणून प्रत्येक नियमाची व्याप्ती सांगणारे कलम आधी शोधावे आणि मग बाकीचा मजकूर वाचावा.

मानके: यशाबरोबर अपयशही नोंदवावे

व्हिंट सर्फ आणि बॉब कान या संगणक-तज्ज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेल्या विचारातून टीसीपी/आयपी, म्हणजे निरनिराळ्या जाळ्यांतील संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे संकेत, घडले. संरक्षण खात्याने १ जानेवारी १९८३ ही तारीख ठरवून आर्पानेटवर ते सक्तीचे केले. बर्कलीच्या विद्यापीठाला आर्पाने दिलेल्या पैशातून ते युनिक्स या संगणक चालवणाऱ्या मूलभूत सॉफ्टवेअरमध्ये समाविष्ट झाले आणि विद्यापीठांमध्ये पसरले. १९८५ मध्ये एनएसएफनेही आपल्या जाळ्यासाठी हेच मानक बंधनकारक केले. इथवरची कथा सरकारच्या दूरदृष्टीची वाटते.

त्याच सरकारने १९९० मध्ये आपल्या खात्यांच्या खरेदीसाठी ओएसआय नावाचे प्रतिस्पर्धी मानक सक्तीचे केले होते, ही गोष्टही त्याच पानावर लिहावी. ते मानक कागदावर अधिक व्यवस्थित होते, आंतरराष्ट्रीय मान्यतेचे होते, आणि तरीही रुजले नाही. १९९५ पर्यंत ती सक्ती सैल करून टीसीपी/आयपीला वाट द्यावी लागली. दोन्ही प्रसंगी हुकूम होता. फरक असा की पहिल्या प्रसंगी हुकमासोबत चालते सॉफ्टवेअर लोकांच्या हाती फुकट पडत होते आणि दुसऱ्या प्रसंगी ते वेळेवर नव्हते. अपयशी उदाहरण वगळले तर हुकमाची ताकद वाजवीपेक्षा मोठी दिसते.

हस्तांतराच्या तारखा ओळीने लावाव्यात

सरकार कसे बाहेर पडले हा भाग बहुतेक लेखांत एका वाक्यात उरकला जातो. तसे करू नये, कारण कोणाला काय मिळाले हे इथेच ठरते. तारखांचा क्रम फार बोलका आहे. १९८९ मध्ये एमसीआय मेल या व्यापारी सेवेला प्रयोग म्हणून इंटरनेटशी टपालाची देवाणघेवाण करू देण्यात आली. सप्टेंबर १९९० मध्ये मेरिट, आयबीएम आणि एमसीआय यांनी एएनएस ही ना-नफा संस्था काढली आणि कण्याचे काम तिच्याकडे गेले. १९९१ मध्ये तिने एक नफ्याची उपकंपनी काढली, आणि ज्या यंत्रणेवर सरकारी कणा चालत होता तिच्यावरूनच व्यापारी जोडणी विकायला सुरुवात केली. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, मार्च १९९२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, आणि त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून संशोधनाबाहेरची वाहतूकही वाहणाऱ्या जाळ्यांना पाठबळ देण्याची मुभा एनएसएफला दिली. म्हणजे व्यवहार आधी आणि कायदा मागाहून आला. पुढच्या वर्षी एनएसएफच्याच महानिरीक्षकांनी या निर्णयांची कारणे लेखी नोंदवली न गेल्याबद्दल ठपका ठेवला. सार्वजनिक पैशावर वाढलेली गोष्ट खासगी हाती जाताना तिची नोंद नसावी, ही या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत खंतावणारी बाब वाटते.

१९९५ मधले अखेरचे पाऊल मात्र विचारपूर्वक टाकलेले होते. एनएसएफने न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को या परिसरांत चार जोडणी-केंद्रांना मदत केली, जिथे स्पर्धक कणा-जाळी एकमेकांना भेटतील. आणि प्रादेशिक जाळ्यांना खासगी कंपन्यांकडून जोडणी विकत घेण्यासाठी चार वर्षे टप्प्याटप्प्याने कमी होत जाणारे अनुदान दिले. थोडक्यात, सरकारने आपला कणा विकला नाही; आपले गिऱ्हाईक इतरांकडे पाठवले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून नाव-नोंदणी, म्हणजे इंटरनेटवरील पत्त्यांच्या नावांची नोंदणी, फुकट राहिली नाही. करारानुसार ते काम एकाच कंपनीकडे होते आणि तिला वर्षाला ५० डॉलर आकारण्याची मुभा मिळाली. जोडणीच्या बाबतीत स्पर्धा राखली आणि नावांच्या बाबतीत मक्तेदारी दिली, ही विसंगती नोंदवल्याशिवाय हा भाग पुरा समजू नये.

तुलनेची दोन उदाहरणे

निष्कर्ष लिहिण्यापूर्वी तो दोन ठिकाणी ताडून पाहावा. कॉम्प्युसर्व्हसारख्या सेवा सरकारी अनुदानाशिवाय १९७९ पासून घरगुती ग्राहकांना जोडत होत्या. पण त्या बंदिस्त होत्या, एकीचा ग्राहक दुसरीच्या ग्राहकाला सहजी पत्र पाठवू शकत नव्हता, आणि त्यांच्याही तळाशी एफसीसीने मोकळ्या केलेल्या टेलिफोनच्या तारा होत्याच. दुसरीकडे फ्रान्सच्या सरकारी दूरसंचार खात्याने १९८२ पासून मिनिटेल हे टेलिफोनच्या तारेवरून घरच्या पडद्यावर माहिती व सेवा देणारे जाळे देशभर नेले, लाखो घरांना यंत्रे मोफत दिली, आणि त्यावर खासगी सेवांचा भरभराटीचा व्यापार चालला. ते जाळे २०१२ पर्यंत टिकले, पण ते एकाच संस्थेच्या ताब्यातले राहिले आणि देशाबाहेर फारसे रुजले नाही. एका उदाहरणात पैसा नसताना व्यापार होता, दुसऱ्यात पैसा आणि व्यापार दोन्ही होते. दोन्हींत नव्हती ती कोणालाही परवानगीशिवाय येऊन जोडून घेण्याची सोय.

लिहिताना

कागद भरून झाला की लेखातील प्रत्येक वाक्याचा कर्ता आणि क्रियापद तपासावे. ‘बांधले’, ‘पैसे दिले’, ‘सक्ती केली’, ‘सूट दिली’, ‘मनाई केली’ आणि ‘अंग काढून घेतले’ या सहा वेगवेगळ्या कृती आहेत. त्यांना ‘सरकारने विकास केला’ या एका वाक्यात कोंबू नये. ‘सरकारने इंटरनेट खासगी क्षेत्राच्या हवाली केले’ असे लिहिले असेल तर ते खोडून असे काही लिहावे: ‘एनएसएफने १९९५ मध्ये स्वतःच्या कण्याचा खर्च थांबवला, प्रादेशिक जाळ्यांना चार वर्षे घटते अनुदान देऊन खासगी कण्यांचे ग्राहक बनवले, आणि हे कणे ज्या भाड्याच्या तारांवर वाढले होते त्या ठरलेल्या दराने देण्याची सक्ती एफसीसीने १९८० पासूनच केलेली होती.’ वाक्य लांब होते, परंतु ज्याला त्यातले एखादे विधान खोडून काढायचे असेल त्याला कोणती तारीख आणि कोणता कागद तपासायचा हे त्यातून नेमके कळते.